न बसणारं दार

समजा, तुमच्यासमोर टेबलावर प्लास्टिकच्या लहानशा विटांचा ढीग आहे. लाल, पांढऱ्या, काही निळ्या. प्रत्येक विटेच्या डोक्यावर गोल टेंगळं आहेत आणि पोटात पोकळी आहे. तुम्हाला एक वीट दुसरीवर ठेवून अंगठ्यानं दाबायची आहे. ‘टक्’ असा बारीक आवाज आला की वीट बसली. दुसऱ्या थरात सांधा चुकवायचा, गवंडी चुकवतो तसा; खालच्या दोन विटांच्या फटीवर वरची वीट यायला हवी. तिसऱ्या थराला खिडकी. एव्हाना तुमची मान खाली गेलेली असेल आणि चहा गार झाला असेल. आता दार. पांढरं, तिळाएवढी कडी असलेलं. ते जागेवर धरा आणि दाबा.

आवाज येत नाही.

पुन्हा दाबा. दार उभं राहतं, पण बोट काढलं की एका अंगाला कलतं. विटा बरोबर आहेत, जागा बरोबर आहे, खोक्यावरच्या चित्रात दार तिथंच आहे. तुम्ही काय कराल? बहुतेक जण दार बाजूला ठेवून छपराकडे वळतील. नाचणगावचे धम्मदीपभाऊ ते दार सहा महिने शर्टाच्या खिशात घेऊन फिरले. न बसणारी वस्तू म्हणजे कोणीतरी केलेली गडबड, असं त्यांचं ठाम मत आहे.

या मताला त्यांचा धंदाच कारण आहे. देवळी रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, ते अठरा वर्षांपासून काट्यावर बसतात. कापसाची गाडी आली की आधी भरलेली मोजायची, कापूस उतरवला की रिकामी मोजायची, आणि वजाबाकी कागदावर लिहून द्यायची. एवढंच काम. पण भरलेली गाडी जड दाखवायला आणि रिकामी हलकी दाखवायला माणूस काय काय करतो, ते धम्मदीपभाऊंना विचारावं. गाडी काट्यावर चढली की ते आकड्याकडे पाहतच नाहीत. आधी खाली वाकून कोणी लटकलं आहे का ते पाहतात. मग ड्रायव्हरच्या पायाजवळ पाण्याच्या कॅन किती, राखीव चाक किती, ते लक्षात ठेवतात. रिकामी गाडी परत आली की तेच सगळं पुन्हा, शिवाय सगळी चाकं काट्याच्या लोखंडी पाट्यावर आहेत ना, एखादं हळूच बाहेर उतरवलं नाही ना.

आमची कंपनी असे काटे तपासते. वर्षातून दोनदा मी लोखंडी वजनं घेऊन त्यांच्याकडे जातो, आणि दर वेळी ते माझी वजनंही उलटीपालटी करून पाहतात. त्यांच्या बायको मेघाताई अंगणवाडीत सेविका आहेत. त्या म्हणतात, “याहीले चहा देल्ला तरी हे पह्यले कपाच्या खाली पाह्यतेत.”

अशा माणसाला खेळण्याचा नाद लागला, तो गेल्या मे महिन्यात.

घरावरचे जुने टिन बदलायला काढले होते. माळ्यावरचं सामान अंगणात आलं. त्यात खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेलं, सुतळीनं आवळलेलं एक खोकं होतं. सुतळीची गाठ पाहूनच धम्मदीपभाऊ थबकले. गुलाबाच्या झाडाला काठीचा आधार देताना माळी अशी गाठ मारतात; दोन वेढे आणि मधून एक फास. अशी गाठ घरात एकच माणूस मारायचा. त्यांचे वडील, चिंधूजी. वय अठ्ठ्याहत्तर. तेव्हा ते ओट्यावर बसून तुरीतले खडे वेचत होते.

“बाबा, हे काय हाय?”

चिंधूजींनी एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. “कचरा हाय. फेकून दे.”

“बांधून काऊन ठेवला मंग कचरा?”

“तुले म्हनलं ना, फेकून दे.”

धम्मदीपभाऊंनी फेकलं नाही. त्यांनी गाठ न तोडता सोडवली. पोत्याच्या आत खोकं, खोक्यावर लाल भिंतींच्या, पांढऱ्या दाराच्या घराचं चित्र, आणि कोपऱ्यात छापलेलं, एकशे वीस नग. चित्र दिसताच त्यांना ते सगळं आठवलं, आणि त्यांनी खोकं पुन्हा पोत्यात घातलं. मेघाताईंना म्हणाले, “जिनिंगमदी कामाचं हाय.” दुसऱ्या दिवशी ते खोकं काट्याच्या केबिनमध्ये गेलं.

त्यांना आठवलं ते असं. ते सात वर्षांचे होते. चिंधूजी तेव्हा पुलगावात एका मिलच्या मॅनेजरच्या बंगल्यावर माळी होते. दिवाळीच्या सुटीत एका संध्याकाळी ते सायकलवर हे खोकं घेऊन आले. दोन दिवस धम्मदीपनं जेवणसुद्धा विटांजवळ बसून केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठला तर खोकं नव्हतं. बापाला विचारलं तर, “गेलं.” त्या आठवड्यापासून बंगल्यावरचं कामही गेलं आणि चिंधूजी वीटभट्टीवर जाऊ लागले, खऱ्या विटा डोक्यावर वाहायला. सुटी संपून शाळा भरली तेव्हा मधल्या सुटीत पोरं म्हणाली, “तुह्या बापानं साहेबाच्या घरून विटा उचलल्या म्हंते.”

तेव्हापासून छत्तीस वर्षं त्यांनी बापाला हे विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर ‘हो’ असलं तर काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून ते गाड्यांखाली वाकून पाहत राहिले. आणि आता कळत होतं की खोकं गेलंच नव्हतं. ते छत्तीस वर्षं त्यांच्याच डोक्यावर, माळ्यावर होतं.

केबिनमध्ये त्यांनी पहिल्यांदा विटा मोजल्या. एकशे वीस. मग त्या साबणाच्या पाण्यात धुतल्या आणि कापसाचे नमुने ठेवायच्या पत्र्याच्या ताटल्यांमध्ये रंगानुसार वाळत घातल्या. उन्हाळ्यात जिनिंग थंड असतं. दिवसाला दोन-चार सरकीच्या गाड्या. बाकी वेळ ते बांधत बसले. खोक्यावरचं घर त्यांनी आधी बांधायला घेतलं आणि दारापाशी अडकले. दार इतर पांढऱ्या नगांपेक्षा किंचित पिवळट होतं, आणि त्याची खालची कड काळपट, जळाल्यासारखी. एकशे विसावा नग होता, पण त्या खोक्यातला नव्हता. कोणीतरी बदलला होता.

घर मोडून त्यांनी दुसरं काही बांधलं. आधी बैलगाडी, मग जिनिंगची चिमणी, मग स्वतःचा काटाच, बाजूला केबिन आणि केबिनमध्ये एक निळी वीट, म्हणजे ते स्वतः. विटा कमी पडू लागल्या तसा त्यांनी मोबाइलवर शोध घेतला आणि नागपूरचा एक माणूस सापडला, जो लोकांच्या घरातल्या जुन्या विटा गोळा करून किलोवर विकतो. किलोवर म्हटल्यावर धम्मदीपभाऊ खूश. त्यांनी त्याला फोन करून विचारलं, “लाल विटा किती भरतील? खिडक्या आठ पाह्यजे. छपराचे उतरते नग वेगळे ठेवजो.”

हे फोनवरचं बोलणं मेघाताईंनी स्वयंपाकघरातून तीनदा ऐकलं. चौथ्या वेळी त्या कणकेच्या हातांनी बाहेर आल्या.

“कोन्या बाईले घर बांधून देऊन राह्यले जी?”

“काय?”

“आठ खिडक्याचं. आपल्या घराले तं दोनच हायेत.”

धम्मदीपभाऊंना बायकोला केबिनमध्ये नेऊन विटा दाखवाव्या लागल्या. मेघाताईंनी जिनिंगची चिमणी हातात घेऊन फिरवून पाहिली. “अंगनवाडीतले लेकरं याच्याहून चांगलं करतेत,” म्हणाल्या, पण चिमणी लगेच खाली ठेवली नाही. मग त्यांनी खोकं पाहिलं आणि विचारलं, “हे बाबाइचं हाय का?” धम्मदीपभाऊ म्हणाले, “हो.” मेघाताईंनी पुढे काही विचारलं नाही. सून म्हणून या घरात आल्या तेव्हा ती गोष्ट त्यांनीही गावात ऐकली होती.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाच्या बाहेर गेली. मी त्या दिवशी दुपारी काटा तपासायला जाणार होतो. सकाळी जे घडलं ते मला नंतर तिघांनी सांगितलं, आणि तिघांचं बऱ्यापैकी जुळलं.

किसनराव नाचणगावचेच. सत्तरीच्या पुढचे, दहा एकर कापूस, तोंड फटकळ. त्यांचा टेम्पो गावच्या काट्यावर मोजून आला होता आणि इथं चाळीस किलो कमी भरत होता. ते चिडून केबिनच्या काचेशी आले. आत धम्मदीपभाऊ पुढच्या गाडीचा आकडा स्थिर व्हायची वाट पाहत होते. आकडा दोन-तीन वेळा वरखाली होतो, मग थांबतो. तेवढ्या वेळात हाताला चाळा म्हणून ते विटा लावत. त्यांनी अंगठ्यानं एक लाल वीट दाबली. टक्. त्याच क्षणी आकडा थांबला.

“थांब,” किसनराव म्हणाले. “आता काय दाबलं तू?”

“काई नाई काकाजी.”

“मी पाह्यलं. लाल बटन दाबलं आन् आकडा थांबला.”

“बटन नाई ते. वीट हाय.”

मागून कोणीतरी म्हणालं, “वीट? काट्यात वीट टाकली काय?”

“खेळाची वीट हाय हो.”

“ऐका,” किसनराव रांगेकडे वळून म्हणाले. “त्रेचाळीस वर्साचा मानूस ड्युटीवर खेळून राह्यला म्हंते. आन् आपन गाडी भरून आनली ते काय, त्याले पाह्याले?”

रिमोटनं काटा फिरवतात, असं गावोगाव बोललं जातं. कोणी पाहिलेलं नसतं, पण प्रत्येकाच्या साडूनं पाहिलेलं असतं. दहा मिनिटांत केबिनभोवती चाळीस माणसं जमली. टेबलावर रंगीत प्लास्टिक, ताटल्यांमध्ये लावून ठेवलेलं, आणि मधोमध काट्याचीच हुबेहूब प्रतिकृती. एवढा पुरावा कुठल्या चोरानं स्वतःहून मांडून ठेवला असता? पण जमाव असा विचार करत नाही. जिनिंगचा मालक बाहेर आला, त्यानं काटा बंद करायला लावला आणि धम्मदीपभाऊंना सगळ्यांसमोर म्हणाला, “दुपारी तपासनी हाय. दहा किलोचा जरी फरक निंघाला तं उद्यापासून येऊ नका.”

मी पोचलो तेव्हा त्यांनी केबिनचं कुलूप लावून किल्ली मालकाकडे दिली होती आणि ते बाहेर, सगळ्यांना दिसेल असे, दोन्ही हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसले होते.

मी वीस-वीस किलोची पन्नास वजनं काट्याच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्ये ठेवून पाहिली. एक टन. पाचही ठिकाणी एक टन. पाट्याखाली उतरून तारांची जोडणी पाहिली. सील शाबूत होतं. मी वर येऊन तसं सांगितलं.

“हे पोट्टं त्याइचंच हाय,” किसनराव म्हणाले. “कंपनीचं. वजनं बी त्याइचेच.”

मला राग आला, पण धम्मदीपभाऊंनी मान हलवली, जणू किसनरावांचा मुद्दा त्यांना रास्त वाटला होता. त्यांनी मालकाकडून किल्ली घेतली, केबिनमधून सगळ्या ताटल्या आणल्या आणि एकेक करून साऱ्या विटा काट्याच्या पाट्यावर ओतल्या. जिनिंगची चिमणीही ठेवली. मग बाजूला झाले.

“पाहा काकाजी. आकडा काय म्हंते?”

आकडा शून्य होता.

“दहा किलोच्या आतलं या काट्याले दिसतच नाई. आता उचला त्यातली एक, आन् फोडून पाहा.”

किसनरावांनी एक लाल वीट उचलली, उलटी केली, डोळ्याजवळ नेली, आणि दातानं चावून पाहिली. “आतून पोकळ हाय,” ते म्हणाले. कोणीतरी हसलं.

मग धम्मदीपभाऊंनी त्यांचं नेहमीचं काम केलं. “गावच्या काट्यावर रिकामा टेम्पो कवा मोजला, काकाजी?”

“काल.”

“आन् भरलेला?”

“आज सकायी.”

“काल ताडपत्री होती टेम्पोत? दोर? हे बाजूचे बांबू?”

किसनरावांनी टेम्पोकडे पाहिलं. त्यांचा ड्रायव्हर खालच्या आवाजात म्हणाला, “काल नोते.” ताडपत्री, दोर आणि बांबू कापूस म्हणून मोजले गेले होते. सगळे हसले, मालकसुद्धा. काटा पुन्हा सुरू करायला सांगून तो आत गेला. धम्मदीपभाऊंची नोकरी वाचली, आणि गोष्ट इथंच संपायला हवी होती.

पण हसू ऐकून किसनरावांचं तोंड लाल झालं होतं. विटा भरायला धम्मदीपभाऊंनी खोकं आणलं तेव्हा त्यांनी त्याचं झाकण हातात घेतलं.

“हे खोकं मी वळखतो,” ते म्हणाले. “मिलच्या बंगल्यातलं. मी दूध टाकत होतो तिथं. चिंध्यानं उचललं होतं हे.” मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, “काट्याचं जाऊ दे. काटा खरा हाय. हे खरं हाय का नाई, ते सांग.”

चाळीस माणसं पाहत होती. धम्मदीपभाऊ वाकून विटा गोळा करत राहिले. मीही गोळा करू लागलो. किसनराव तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांना आता हसणाऱ्यांचं तोंड बंद करायचं होतं. “माह्या डोयासमोर साहेबानं हे खोकं अंगनात फेकलं होतं. विटा पार फाटकालोग गेल्त्या. चिंध्या एकेक वेचून राह्यला होता.”

विटा उचलणारा धम्मदीपभाऊंचा हात थांबला. ते उभे राहिले.

“अंगनात? कोनाच्या अंगनात?”

“साहेबाच्या.”

“म्हंजे बाबा ते परत घेऊन गेलते.”

“गेला असन.”

“चोरानं उचललेलं परत नेलं, हातानं, दिवसाढवळ्या?”

किसनरावांनी झाकण खाली ठेवलं. “ते मले काय मालूम, बाप्पा. तुह्या बापाले विचार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं. चिंधूजी ओट्यावर दात घासून बसले होते. मेघाताई अंगणवाडीत गेल्या होत्या. धम्मदीपभाऊंनी खिशातून ते दार काढून बापाच्या तळहातावर ठेवलं.

“बाबा, हे दार त्या खोक्यातलं नाई.”

चिंधूजींनी दार बोटात फिरवलं. जळकी कड आली तिथं थांबले. “बसत होतं थोडंसं,” ते म्हणाले. “मेनबत्तीवर गरम करून बसवलं होतं मी.”

मग ते बोलले. हे सगळं धम्मदीपभाऊंनी मला त्याच आठवड्यात केबिनमध्ये बसून सांगितलं, मध्ये मध्ये थांबून, जणू प्रत्येक वाक्य आधी काट्यावर चढवत होते.

बंगल्यातल्या बाईसाहेब हिंदी बोलायच्या. दिवाळीच्या सुटीत त्यांनी चिंधूजींना खोकं दिलं आणि म्हणाल्या, बच्चे के लिए ले जाओ. चिंधूजींनी आणलं. “आपल्यात परत पाह्यजे असन तं ‘आनून देजो’ म्हंतेत,” ते मुलाला म्हणाले. “शेजारची विळा देते तरी म्हंते, नेजो आन् आनून देजो. नुसतं ‘नेजो’ म्हनलं का ते तुह्यं झालं. मले काय मालूम, त्याइच्या ‘ले जाओ’त आनून देनं बी असते म्हनून.”

दोन दिवसांनी बाईसाहेबांचा मुलगा होस्टेलवरून सुटीला आला आणि त्यानं खोकं मागितलं. चौकीदार निरोप घेऊन आला. धम्मदीप झोपला होता. चिंधूजींनी आणि त्याच्या आईनं कंदिलाजवळ बसून चित्राशी ताडून विटा मोजल्या. एकशे एकोणीस. दार नव्हतं. आईनं सगळं घर उलटून पाहिलं. सकाळी चिंधूजींनी पुलगावच्या बाजारातून एक स्वस्त खेळणं घेतलं, त्यातलं दार काढलं, तापवून खोक्यातल्या घराला बसवायचा प्रयत्न केला, आणि खोकं परत नेलं. साहेबाच्या मुलानं तिथंच घर बांधलं. दार पडलं. साहेब म्हणाला, चोरी भी की, और नकली भी लगाया. आणि खोकं अंगणात गेलं. वेचलेल्या विटा घेऊन चिंधूजी घरी आले आणि खोकं पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं.

“बाईसाहेब काई बोलल्या नाई?”

“दारात उभ्या होत्या. काई नाई बोलल्या.”

“तुमी तरी सांगाचं, पोराच्या हातून हरवलं म्हनून.”

“सात वर्साचं लेकरू तू,” चिंधूजी म्हणाले. “तुह्यं नाव घेऊन मी काय कमावलं असतं?”

पण गाडीखाली वाकून पाहायची सवय अशी जात नाही. धम्मदीपभाऊंनी विचारलं, “आन् पह्यलेपासूनच दार नसन तं? बंगल्यातूनच कमी आलं असन तं? तुमी आनलं तवा मोजलं होतं?”

चिंधूजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू मुलगा काही अडाण्यासारखं बोलला होता.

“देल्लेलं कोनी मोजून घेते काय, बाबू?”

त्यानंतरच्या आठवड्यात किसनरावांचा दुसरा टेम्पो आला. ताडपत्री, दोर, बांबू, सगळं त्यांनी आपण होऊन आधी सांगितलं. धम्मदीपभाऊ त्यांना म्हणाले, “काकाजी, बाबानं ते परत नेलं होतं. तुमीच साक्षीदार हा.”

“नेलं तं होतं,” किसनराव म्हणाले. “पन दार बदलून.”

यावर भांडता येत नाही. खोटं दार म्हणजे परत करायची धडपड, असं मुलाला वाटतं. खोटं दार म्हणजे लपवाछपवी, असं गावाला वाटतं. एकाच जळक्या कडेवर दोन्ही बसतं. खरं सांगायचं तर धम्मदीपभाऊंनाही बापाचं सगळं बोलणं पुरतं पटलेलं नाही. छत्तीस वर्षांत माणूस आपली गोष्ट थोडी आपल्या बाजूला झुकवून ठेवतो, हे ते रोज पाहतात. ‘ले जाओ’चा खुलासा त्यांना जरा जास्तच नीट बसणारा वाटतो. पण मला ते सांगताना त्यांचा आवाज बापाबद्दल शंका घेणाऱ्यासारखा नव्हता. शंकेची गाडी आता दुसऱ्याच फाटकातून आत येत होती.

परवा मी गेलो तेव्हा खोक्यावरचं घर पूर्ण बांधून टेबलावर ठेवलेलं होतं. लाल भिंती, खिडक्या, निळं छप्पर. दाराची जागा रिकामी. नागपूरच्या त्या माणसानं तशाच बनावटीचं पांढरं दार पाठवलं आहे, ते पाकिटातच आहे. मी विचारलं, लावत का नाही?

ते म्हणाले की लहानपणचे विटांजवळचे ते दोन दिवस आठवून पाहतात. खिडकी कुठली लावली ते आठवतं. मायनं जेवायला हाक मारली, ते आठवतं. घर पूर्ण झाल्यावर आत कोणी राहतं का ते पाहायला बोट घातलं होतं, तेही आठवतं. बोट सरळ आत गेलं, की आधी काहीतरी ढकलावं लागलं, एवढंच आठवत नाही. ढकलावं लागलं असेल, तर दार त्यांच्याच हातून हरवलं, आणि बापाच्या डोक्यावरच्या भट्टीच्या विटा त्यांच्यापायी. सरळ आत गेलं असेल, तर बंगल्यातून खोकं आलं तेच अपुरं, आणि चोर म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचं घर मोजायला हवं होतं.

बाहेर गाडीनं हॉर्न दिला. ते उठले, काचेतून चाकांकडे पाहिलं, आणि आकडा थांबायची वाट पाहताना, माझ्याकडे न वळता म्हणाले, “तुमी इंजिनेर हा. सांगा मले. मी बांधलं तवा त्या घराले दार होतं, का नोतं?”